नाल्यावरचं नाटक आणि थर्माकोलचं झाड

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका हौशी नाट्यमंडळातल्या मुलामुलींनी विचारलं आहे: इथल्या शेतांमधून वाहणारा बळ्ळारी नाला, रस्तारुंदीत गेलेली झाडं आणि नाल्याकाठचे शेतकरी यांच्यावर दोन अंकी नाटक बसवतोय. दिवाळीनंतर बेळगावात प्रयोग, पुढं कोल्हापूरकडं स्पर्धा. त्याच विषयावर वीस मिनिटांचा लघुपटही करायचा आहे. हे सगळं निसर्गाला कमीत कमी ओरबाडून करता येईल का? पैसे बेताचे आहेत, आणि सेट साधा ठेवला की परीक्षक गुण कापतात. सुरुवात कुठून करायची?

माझं आयुष्य नेपथ्य आणि प्रकाशयोजनेत गेलं आहे, त्यामुळं उत्तर जरा लांबेल.

करता येईल, आणि खर्च वाढणार नाही, उलट बराच कमी होईल. पण सुरुवात सेटच्या शेवटापासून करा. प्रयोग संपल्यावर रात्री टेम्पोत काय चढणार, कुठं उतरणार, कोण ठेवून घेणार आणि हॉलच्या मागं काय पडून राहणार, हे स्केच काढायच्या आधी कागदावर लिहा. ज्या वस्तूपुढं ‘पडून राहणार’ असं लिहावं लागेल ती वस्तू सेटमधून काढा. बाकी सगळं मी खाली सांगतो ते याच एका सवयीचा विस्तार आहे.

स्पर्धेच्या दिवसांत कुठल्याही नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी जाऊन बघा. थर्माकोलचे खांब, थर्माकोलचे दगड, अर्धा फाटलेला फ्लेक्स, खिळे तसेच असलेलं प्लाय. एका प्रयोगासाठी केलेलं आणि दुसऱ्या संस्थेला वेळेत हॉल मोकळा करून द्यायचा म्हणून मोडून टाकलेलं. बेळगावचा कचरा तुरमुरीला जातो, आणि तुरमुरी हेही माणसं राहतात असं गाव आहे. तुमचं नाटक नाल्याकाठच्या शेतकऱ्याचं दुःख सांगणार आणि सेट दुसऱ्या गावच्या वेशीवर जाऊन पडणार, हे मला सहन होत नाही. तुम्हालाही होत नसणार, म्हणून तर हा प्रश्न विचारलात.

थर्माकोल तर कायद्यानंही गेला आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्यात सजावटीचा थर्माकोल नावानिशी आहे. आपल्या कर्नाटकात त्याच्याही आधी, मार्च २०१६ मध्ये, फ्लेक्स, बॅनर, प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटं बंद झाली. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये तसाच कायदा केला. म्हणजे सीमेच्या अलीकडं आणि पलीकडं, दोन्हीकडं तो सेट बेकायदा आहे. तरी दुकानात मिळतो, आणि मिळतो म्हणून वापरला जातो. थर्माकोलचा बहुतेक भाग हवाच असते, त्यामुळं गोळा करून नेणं कुणाला परवडत नाही, मग तो जाळतात. पेटला की वितळून ठिबकतो आणि काळा, घुसमटवणारा धूर सोडतो. बंद रंगमंचावर तापलेल्या दिव्यांच्या खाली असली वस्तू ठेवणं हे पर्यावरणाच्याही आधी जिवाशी संबंधित आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. त्या आगीचं कारण काहीही असो, लाकूड, कापड आणि रंग एकत्र असलेली इमारत किती लवकर जाते हे आपण सगळ्यांनी बघितलं.

आता आपल्या जुन्या लोकांनी हे कसं निभावलं ते सांगतो, कारण तुमच्या बजेटचं उत्तर तिथं आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० मध्ये पुण्यात त्यांनी शाकुंतल रंगमंचावर आणलं आणि संगीत नाटक कंपन्यांचा काळ सुरू झाला. ललितकलादर्श १९०८ साली हुबळीत निघाली. या कंपन्यांकडं प्रत्येक नाटकाला नवा सेट नव्हता. राजवाडा, रस्ता, जंगल, देऊळ असे रंगवलेले पडदे असायचे आणि तेच पडदे नाटकामागून नाटकाला लागायचे. गुंडाळायचे, बैलगाडीत किंवा रेल्वेच्या डब्यात घालायचे, पुढच्या गावी सोडायचे. कापड जाड, त्याला चिंचोक्याची खळ, वर खडूची भुकटी आणि सरस घालून कालवलेला रंग. कंटाळा आला की त्यावरच दुसरं चित्र. एणगी बाळप्पांच्या कन्नड कंपनीचा संसारही असाच गावोगाव फिरला. ते आपल्या सौंदत्ती भागातल्या एणगीचे, शंभरी ओलांडून २०१७ मध्ये गेले. आणि त्याच्याही मागं जायचं तर कुळगोडच्या तम्मण्णांचं श्रीकृष्ण पारिजात आहे. गोकाकच्या बाजूचं हे लोकनाट्य मोकळ्या जागेत, जवळजवळ काहीच नेपथ्य नसताना रात्रभर उभं राहतं. सत्यभामेचा महाल दाखवायला तिथं खांब लागत नाही, गाणारीचा आवाज आणि भागवताचा, म्हणजे सूत्रधाराचा, प्रश्न पुरतो.

सिनेमाचाही जन्म आपल्याकडं या पडद्यांतूनच झाला. कोल्हापूरचे बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे नात्यातले भाऊ आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पुढं बाबूरावांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. जे हात कापडावर जंगल काढत होते त्यांनीच चित्रपटाचा सेट उभा केला. म्हणून नाटकाचं सामान वेगळं आणि सिनेमाचं वेगळं असा विचार तुम्हीही करू नका. लघुपटात जी खोली दिसणार तिची भिंत आणि नाटकातली भिंत एकच असू दे.

आता प्रत्यक्ष काम. आठ बाय चार फुटांचे फ्लॅट, म्हणजे भिंतीसारख्या उभ्या करायच्या चौकटी, करा, सगळे एकाच मापाचे. दोन इंच बाय एक इंचाच्या रीपा, त्यावर मांजरपाट ताणून. प्लाय फक्त लेव्हलच्या, म्हणजे नट चढतात त्या चौथऱ्याच्या, माथ्याला. खिळा मारायचा नाही, स्क्रू आणि नटबोल्ट. दोन फ्लॅट जोडायला पिन निघणारी बिजागरी. असा फ्लॅट नीट ठेवला तर कितीतरी नाटकं काढतो, आणि त्याचं कापड फाटलं तरी चौकट राहते. लाकूड नवं घेऊ नका. गल्लीगल्लीत जुनी घरं पाडून अपार्टमेंट होतायत, त्यांच्या दारं-खिडक्या, तुळया, फळ्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडं येतात. खानापूरच्या सागवानाची शंभर वर्षं जुनी चौकट तुमच्या शेतकऱ्याच्या घराला लागली, तर ती रंगवावीच लागणार नाही. उद्यमबागेच्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग ज्या पेट्यांतून येतात त्या पेट्या आणि पॅलेट मागून घ्या. लेव्हलचा सांगाडा त्यातून उत्तम होतो. फक्त प्रत्येक लेव्हलवर तीन धट्टीकट्टी माणसं उड्या मारून बघा, मगच नटाला चढवा. फुकट मिळालं म्हणून कमजोर चालत नाही.

दगड, झाडाचं खोड, बांध असल्या गोष्टींना बुरुडांकडून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून घ्या. त्यावर गोणपाट, त्यावर खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राचे तीन-चार थर, वर गेरू, पिवडी, काजळी. वाळायला बेळगावच्या पावसात फार वेळ लागतो, म्हणून हे काम दसऱ्यानंतरच धरा. थर्माकोलपेक्षा वजन थोडं जास्त, पण हात लावला की खोड वाटतं, आणि नट त्याला टेकू शकतो. थर्माकोलच्या झाडाला नट कधी टेकत नाही, जपून लांब उभा राहतो, आणि ते प्रेक्षकाला दिसतं.

भाताचं पिंजर वापरायचा मोह होईल, कारण तुमच्या नाटकातली शेतं शहापूर, वडगाव, येळ्ळूरची, बासमती पिकवणारी. वापरा, पण थोडं, आणि दिव्यांपासून लांब. कापड, गोणपाट आणि बांबूला आगरोधक पाणी मारायचंच: वजनानं शंभर भाग पाण्यात सात भाग टाकणखार (बोरॅक्स) आणि तीन भाग बोरिक ॲसिड, कोमट पाण्यात विरघळवून फवारायचं, पूर्ण वाळू द्यायचं, आणि एक पट्टी बाहेर अंगणात पेटवून बघायची. पट्टी काळी पडून विझली पाहिजे. कापड धुतलं की हा लेप जातो, परत मारावा लागतो. पिंजराला मात्र हे पाणी मारू नका. टाकणखार लागलेलं पिंजर जनावरांना घालता येत नाही, शेतातही नको, कारण बोरॉन जास्त झालं की पिकाला बाधतं. कोरडं, बिनलेपाचं पिंजर प्रयोगानंतर सरळ गोठ्यात जातं. अग्निशामक नळकांडं विंगेत हवंच.

नाल्यासाठी एक कल्पना देतो, पटली तर घ्या. वडगाव-खासबागच्या विणकरांकडं डाग पडलेलं, माप चुकलेलं, विकलं न गेलेलं कापड असतं. ते योग्य पैसे देऊन विकत घ्या, फुकट मागू नका, त्यांचे दिवस आधीच कठीण आहेत. त्याच्या लांब पट्ट्या जोडून, काजळी आणि गेरूत बुडवून, रंगमंचाच्या एका विंगेपासून दुसऱ्या विंगेपर्यंत जाईल एवढा पट्टा करा. पहिल्या अंकात तो जमिनीला चिकटून. दुसऱ्या अंकात पावसाच्या प्रवेशात कोरसमधली मुलं तो दोन्ही बाजूंनी उचलत नेतील, आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि भाताचं रान त्याच्याखाली जाईल. ऑगस्ट २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना दुसरं काही दाखवायची गरज नाही. या एका वस्तूवर पैसे आणि तालीम खर्च करा, आणि बाकी मंच रिकामा ठेवा.

दिव्यांचं बोलू. रंगमंचावरचा जुना हॅलोजन ‘पार’ (डब्यासारखा झोतदिवा) हजार वॅटचा. चोवीस दिवे लावले, सरासरी निम्म्यावर चालले, तालमीसकट साडेतीन तास धरले तर चाळीस-बेचाळीस युनिट. तेवढेच एलईडी ‘पार’ दीडशे वॅटच्या आसपासचे, म्हणजे वीज सहा-सात पटीनं कमी. दिव्यांपुढं लावायचे जिलेटीनचे रंगीत कागद जळून टाकावे लागत नाहीत ते वेगळंच. पण एलईडी घ्या म्हणून मी डोळे झाकून सांगणार नाही. भाड्यानं मिळणारे स्वस्त एलईडी लाल, हिरवा आणि निळा मिसळून पांढरा करतात. त्यात माणसाची कातडी राखेसारखी दिसते, आणि हळद, कुंकू, इरकलीचा काठ यांचा रंग मरतो. उजेड हळूहळू मंद (फेड) करताना शेवटच्या टोकाला दिवा थरथरतो. तुमच्या नाटकात म्हातारी शेतकरीण एकटी बसून बोलते असा प्रवेश असेल, तर तिच्या चेहऱ्यावर चार हॅलोजन ठेवा, डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर) सत्तर टक्क्यांच्या आत, आणि आभाळ, पाणी, मागची भिंत एलईडीवर. हॅलोजनला दाब पाच टक्के जरी कमी दिला तरी दिव्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. तालमीला मंचावरचे दिवे अजिबात लावू नका. शाळेचा वर्ग आणि दोन ट्यूब पुरे.

आता एक हिशेब करून दाखवतो, कारण सगळे दिव्यांवरच भांडत बसतात आणि मोठी गोष्ट राहून जाते. देशाच्या वीजजाळ्याच्या (ग्रिडच्या) सरासरीनं एका युनिटमागं कार्बन डायऑक्साइड सुमारे पाऊण किलोपर्यंत जातो. म्हणजे वरचे चाळीस युनिट तीस किलोच्या आत. मध्यम हॉलचं पन्नास टनांचं वातानुकूलन चार तास चाललं तर दोनशेच्या वर युनिट, म्हणजे दीडशे किलो. पाचशे प्रेक्षक आले, त्यातले दोनशे दुचाकींवरून सरासरी पाच किलोमीटर येऊन परत गेले आणि तीस मोटारी आल्या, तर पेट्रोल साठेक लिटर, लिटरला दोन किलो तीनशे ग्रॅमप्रमाणं एकशे चाळीस किलोच्या आसपास. टेम्पो कोल्हापूरला जाऊन येऊन २२० किलोमीटर, डिझेल बावीस लिटर, साठेक किलो. आकडे तुमच्या हॉलप्रमाणं बदलतील, पण क्रम फारसा बदलणार नाही. प्रेक्षक कसा येतो आणि हॉल कसा थंड होतो हे दिव्यांपेक्षा कितीतरी मोठं आहे.

म्हणून हॉल कुठं आहे याला मी इतकं महत्त्व देतो. कोनवाळ गल्लीतलं लोकमान्य रंगमंदिर म्हणजे पूर्वीचं रिट्झ सिनेमागृह. उभी असलेली इमारत पाडली नाही, तिथंच नाटक आणलं. त्यानं किती विटा, किती सिमेंट, किती लोखंड वाचलं हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बाजार, गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर इथली माणसं तिथं चालत जाऊ शकतात. जुन्या टॉकीजची हीच गंमत होती. चित्रा, प्रकाश, ग्लोब. पिक्चर सुटला की रस्ता माणसांनी भरायचा, गाड्यांनी नव्हे. आता पडद्यांची संख्या वाढली, पण सिनेमा मॉलमध्ये गेला, तळघरात पार्किंग आलं, आणि म्हातारी माणसं सिनेमाला जायची थांबली. एखादी टॉकीज बंद पडली की आपण हळहळतो आणि तिथं व्यापारी संकुल उभं राहताना गप्प बसतो. माझं स्पष्ट मत आहे की शहराच्या मधल्या प्रत्येक बंद टॉकीजवर नाट्यसंस्थांनी, वाचनालयांनी आणि नगरसेवकांनी मिळून हक्क सांगायला पाहिजे. झाडं वाचवायला टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या आवारासाठी लोक उभे राहिले, तसं.

तुमच्या हातात आज काय आहे? प्रयोगाची वेळ. रात्री साडेनऊऐवजी संध्याकाळी साडेसहाला पडदा उघडा, म्हणजे अनगोळ, वडगाव, हिंडलग्याच्या लोकांना परत जायला शहर बस मिळते. जाहिरातीत बस कुठं उतरवते ते लिहा. दिवाळीनंतर बेळगावात संध्याकाळी गारवा असतो. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही. हॉलच्या व्यवस्थापकांशी आधी बोलून वातानुकूलन बंद आणि पंखे चालू असा प्रयोग करता येतो का बघा. हॅलोजन कमी केलेत तर हे जास्त सोपं जातं, कारण बारा किलोवॅटचे दिवे जी उष्णता सोडतात ती काढायलाच साडेतीन टनांचं वातानुकूलन खर्ची पडतं. पंख्याचा आवाज संवादावर येईल, म्हणून एक तालीम त्याच हॉलमध्ये पंखे लावून करा.

इंग्लंडच्या नाट्यगृहांनी २०२१ मध्ये ‘थिएटर ग्रीन बुक’ नावाचा नियमसंच काढला. त्यातली पहिली पायरी अशी, की सेटचं निम्मं सामान आधी वापरलेलं असावं आणि प्रयोगानंतर पासष्ट टक्के पुढं वापरलं जावं. आपल्या हौशी मंडळांना ही पायरी अवघड नाही. पैसे नसल्यामुळं निम्मं सामान आपण उसनंच आणतो. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यावर: ठेवायला जागा नाही. तुमच्या मंडळाकडं खोली नाही, शेजारच्याकडं नाही, म्हणून सगळे मोडून टाकतात.

पण जागा शिवजयंती मंडळांकडं आहे, आणि गणेशोत्सव मंडळांकडंही. वैशाखातली आपली चित्ररथ मिरवणूक हे बेळगावचं सगळ्यात मोठं नाटक आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किल्ला, दरबार, सिंहासन, जिवंत पात्रं, रात्रभर गल्ल्यांतून, बघायला अख्खं शहर आणि आजूबाजूची खेडी. तिच्याबद्दल मला फार अभिमान आहे, म्हणूनच बोलतो: प्रत्येक रथामागं डिझेलचा जनरेटर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात मोडलेला किल्ला. एका गल्लीनं केलेला बुरूज पुढच्या वर्षी दुसऱ्या गल्लीला मिळाला तर दोघांची वर्गणी वाचेल. त्यासाठी माप एक हवं आणि जोडणी नटबोल्टची हवी, एवढंच. तुम्ही नाटकवाले हे माप ठरवून देऊ शकता. चार मंडळं आणि दोन नाट्यसंस्था मिळून एखाद्या बंद गिरणीतली किंवा गोदामातली खोली भाड्यानं घ्या, वहीत नोंद ठेवा: फ्लॅट किती, लेव्हल किती, दरवाजे, मशाली, तलवारी, कुणी नेलं, कधी आणलं. मोडलं तर ज्यानं नेलं त्यानं दुरुस्त करून द्यायचं. कंपन्यांचा पडदा जसा नाटकामागून नाटकाला लागायचा तसा हा बुरूज लागेल. रथाचे दिवे एलईडीवर गेले की जनरेटर छोटा चालतो. बऱ्याच देखाव्यांना तर चार बॅटऱ्या पुरतील, आवाजाची भिंत नसली तर.

वेशभूषेचं थोडक्यात. घरातली जुनी इरकल, जुनं धोतर, बाजारातून नवं काही नाही. मेकअप पुसायला ओला पंचा ठेवा, टाकाऊ टिश्यू नकोत.

लघुपट. मोबाइलवर शूट केलं की आपोआप निर्मळ, असं नाही. लघुपटाचं डिझेल जनरेटरमध्ये आणि गाड्यांत जातं. सगळी ठिकाणं एका दिवसाच्या चालण्याच्या अंतरात निवडा, शूट उजेडात करा, रात्रीचे प्रवेश पहाटे किंवा तिन्हीसांजेला घ्या. पावसाचा प्रवेश टँकरनं पाडू नका. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलच्या जलाशयांतून येतं, आणि उन्हाळ्यात कित्येक भागांत ते दिवसांच्या अंतरानं सुटतं. त्या लोकांच्या डोळ्यांदेखत टँकर ओतून पाऊस दाखवणं बरं नव्हे. बेळगावला खरा पाऊस भरपूर आहे. जून ते सप्टेंबरमध्ये नाला स्वतःच भरतो, तेव्हा जा, बांधावर गमबूट घालून उभे राहा, शेतकऱ्याला विचारून उभे राहा, आणि आवाज वेगळा रेकॉर्ड करा. नाटक दिवाळीनंतर असल्यामुळं तुमचं शूट आधी होईल, आणि नटांना नाल्याचा वास अंगात मुरवून तालमीला येता येईल. त्या वासानं अभिनयात जे येतं ते दिग्दर्शकाला सांगून येत नाही.

जंगलाचे शॉट घ्यायला खानापूरला जाल. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला आता कॅमेरे घेऊन पुष्कळ पोरं जातात. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथं पाऊल टाकू नका. बारापेडेच्या गुहांत तर परवानगी मिळाली तरी जाऊ नका. तिथं रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ राहतं; १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं, आणि पुढं कित्येक दशकं जगात तेवढीच एक जागा माहीत होती. दिवे, धुराचं यंत्र, माणसांचा गलका यांनी असली वसाहत उठते आणि परत येईलच असं नाही. तुमच्या गोष्टीला गुहा लागत असेल तर ती कामट्या आणि गोणपाटाची करा. जेवण जवळच्या खानावळीतून, ताट-वाटीत. पाणी जारमधून, प्रत्येकाचा तांब्या किंवा बाटली स्वतःची.

आणि केलेलं जपा. जुन्या अडीच तासांच्या चित्रपटाची पस्तीस एमएमची रिळं जोडली तर चार किलोमीटरची पट्टी होते, आणि तिच्यात चांदी असते. ती चांदी काढण्यासाठी आपल्याकडं जुने चित्रपट अक्षरशः धुऊन, जाळून संपवले गेले. बाबूरावांच्या मूकपटांतलं किती थोडं उरलंय बघा. तुमचा लघुपट दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. पण शूट केलेला सगळा कच्चा माल ऑनलाइन साठवून ठेवू नका; त्याच्यासाठी कुठंतरी सर्व्हर दिवसरात्र चालत राहतो. संकलन झालं की निवडा, नको ते पुसून टाका.

राहिला गुणांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. नेपथ्याला गुण असतात, परीक्षक भरलेला मंच बघून खूश होतात, आणि संस्था त्यासाठी कर्ज काढतात. मी परीक्षकांच्या खुर्चीतही बसलोय. रिकामा मंच आणि विचार करून रिकामा ठेवलेला मंच यातला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. पहिल्यात नटांना कुठं उभं राहायचं ते माहीत नसतं. दुसऱ्यात प्रत्येक हालचाल त्या एका वस्तूशी बांधलेली असते. तुमचा नाला असा बांधला गेला तर गुण कापणाऱ्यालाही कारण सापडणार नाही. तरीही प्रवेशिकेसोबत नेपथ्यकाराचं एका पानाचं टिपण द्या: काय वापरलं, ते कुठून आलं, पुढं कुठं जाणार, आणि या नाटकाला हेच का. त्याच टिपणाचा एक मोठा कागद हाताने लिहून फ्लेक्सच्या जागी हॉलच्या दारात लावा. आयोजकांनाही सर्व संस्थांच्या सहीनं पत्र लिहा, की नेपथ्याच्या गुणपत्रिकेत ‘पुनर्वापर’ असा एक रकाना घाला. एका संस्थेनं लिहिलं तर फाईलला लागेल, पंधरांनी लिहिलं तर बैठकीत येईल.

कोल्हापूरला जाताना सगळा सेट नेऊ नका. तिथल्या एखाद्या संस्थेकडून फ्लॅट आणि लेव्हल उसने घ्या, आणि बदल्यात ते बेळगावला आले की तुम्ही द्या. मग नाल्याचं कापड, कामट्यांचं खोड आणि म्हातारीची चौकट एवढंच उरतं, ते बसच्या टपावर मावतं, आणि टेम्पोचं भाडं सुटतं. पण त्यांचे फ्लॅट आठ बाय चारचेच आहेत ना, आणि बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत, हे फोन करून आधी विचारा. तुमच्या मंचाचा आराखडा विंगांच्या मापासकट आणि हॉलमध्ये किती वॅटचे किती दिवे आहेत त्याची यादी मला पाठवा. दिव्यांची मांडणी मी काढून देतो.